डॅशबोर्डवरची सवत

माझं तोंड फटकळ आहे, हे आधी मीच सांगून टाकते. सासरी-माहेरी सगळ्यांना ते ठाऊक आहे. आई शाळेत मुख्याध्यापिका. वीजबिलाच्या रांगेत कुणी मध्ये घुसून आलं, तरी आमच्या घरी जेवताना त्याची चौकशी व्हायची. त्यामुळे नियमाचा विषय निघाला की माझ्या अंगातच येतं. 'नियम म्हणजे नियम' हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा म्हटलं की मी तोंड उघडायच्या आत नवरा ते पूर्ण करायचा. पुढे जे झालं, त्यानंतर मात्र मी ते पुन्हा म्हटलं नाही.

तेव्हा आम्ही ग्योतोकुला राहत होतो आणि नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला होतं. पुण्या-मुंबईची इतकी पोरं त्या वर्षांत कॉम्प्युटरच्या कामासाठी तोक्योत उतरली होती की शनिवारी स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटात कांद्यांपाशी हमखास मराठी कानावर पडायचं. खरं तर आम्हाला गाडीची काही गरज नव्हती. पण ओजिमाला राहणारा नवऱ्याचा एक मित्र पुण्याला परत निघाला आणि जाता जाता त्यानं आपली जुनी पांढरी गाडी आमच्या गळ्यात मारली. गाडी चांगली निघाली, उगाच नावं ठेवणार नाही.

गाडीबरोबर 'ती' आली. डॅशबोर्डवर चिकटवलेलं, साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र. पुढे रस्त्यावर वेग टिपणारा कॅमेरा असला की किलोमीटरभर आधीच त्यातून बाईचा आवाज यायचा: पुढे कॅमेरा आहे, कृपया वेगाकडे लक्ष द्यावे. जपानीत, इतक्या अदबीनं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच कुणी मोठे आहोत. गाडी सुरू केली की आज सुरक्षित चालवा, म्हणूनही सांगायची.

"बघ, बाई कशी बोलते," नवरा म्हणायचा. "शीक जरा काही."

"हो का? मग पोळ्याही तिच्याकडूनच करून घे."

तेव्हापासून तिचं नाव सवत पडलं. महिनाभर मी तिला सहन केलं. पण माझ्या मनात दुसरंच खुटखुटत होतं. जपानच्या आधी दीड वर्ष आम्ही जर्मनीत काढलं होतं. तिथे गाडी चालवताना असलं यंत्र वापरायलाच बंदी. नवऱ्याच्या प्रोजेक्टमधल्या एका मुलाच्या गाडीतून पोलिसांनी ते उपटून नेलं होतं, वर दंड. तो पोरगा दोन दिवस तोंड पाडून फिरत होता. कायद्याला चकवणारी वस्तू ती कायद्याला चकवणारी वस्तूच, देश बदलला म्हणून काय झालं, असं माझं साधं गणित.

"अगं, इथे चालतं. दुकानात उघड विकायला ठेवलंय," नवरा म्हणाला.

"दुकानात चाकूही उघड मिळतो."

तो वाद घालणारा माणूस नाही. मी सवतीची वायर उपटली, तिला डॅशबोर्डवरून सोडवलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर टाकलं. फेकूनच देणार होते. पण आमच्याकडे कुठला कचरा कुठल्या वारी, याचा भिंतीएवढा तक्ता होता आणि त्यात हिची जात सापडेना. म्हणून ती डब्यात राहिली.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी त्यांच्यापाशी जातं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सबंध नोकरी घाटातल्या रस्त्यांवर केली आणि एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला मिळाला होता, तो पुण्याच्या घरी काचेच्या कपाटात, नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या फोटोशेजारी ठेवलेला. आमच्या लग्नात कुणीतरी मला सांगितलं, तुझे सासरे साधे ड्रायव्हर होते हो. बाबांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. मला म्हणाले, "पोरी, पन्नास घरचा स्वयंपाक माझ्या हातात असायचा. मी पोचलो तर ती माणसं जेवणार." लायसन ही त्यांच्या लेखी देवघरातली वस्तू होती. विनालायसन गाडी चालवणाऱ्याबद्दल बोलताना ते शिवी देत नसत, नुसते गप्प होत, आणि ते शिवीपेक्षा वाईट असायचं.

नवरा जपानमध्ये भारतातून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवत होता. वर्षभराची मुदत. मुदत संपली की जपानी लायसन काढायचं, पण तिथली परीक्षा भल्याभल्यांना चार-चारदा परत पाठवते. नवऱ्यानं ते लांबणीवर टाकलं होतं. मे महिन्यात सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो. जेवता जेवता परवान्याचा विषय निघाला आणि बाबांचे डोळे चमकले. "त्यात काय? नवा काढू." एजंट नाही, ओळख नाही. बाबा स्वतः आरटीओच्या रांगेत उभे राहिले. फॉर्म आणला, एक कागद कमी पडला म्हणून परत गेले, साहेब जागेवर नाहीत म्हणून तिसऱ्यांदा गेले. मे महिन्याचं ऊन. सासूबाई ओरडत होत्या, अहो, चक्कर येऊन पडाल. नवऱ्याला फक्त सहीला आणि फोटोला नेलं. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी ती नवी कोरी पुस्तिका त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घे. आणखी एक वर्ष निर्धास्त चालव."

आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनीही हेच केलं होतं. सुट्टीत घरी जायचं, नवा कागद आणायचा. कुणी विचारलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. नियमाची एवढी टिमकी वाजवणारी मी, पण हा नियम मीही वाचला नव्हता.

सप्टेंबरात तिथल्या मराठी मंडळाचा गणपती होता, योकोहामाच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. एकशे एक उकडीचे मोदक माझ्याकडे होते. पहाटेपासून मी उकड मळत होते आणि अर्थात उशीर झाला. रविवारची सकाळ, समुद्राकाठचा हायवे मोकळा. मांडीवर मोदकांचा डबा, पायांशी दुसरा. नवऱ्याला आरती म्हणायची होती, त्यामुळे तो वाटेतच गळा मोकळा करत होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बैलगाडी हाकतोयस का? आरती संपल्यावर पोचणार आहोत का आपण?"

त्यानं पाय दाबला. रस्त्याच्या वर एक निळी पाटी गेली, मग दुसरी. दोन्हींवर नुसती चित्रलिपी. सवतीचा आवाज आम्हाला पाठ झाला होता, पाटी कुठे वाचता येत होती? मग समोर काहीतरी लाल लखकन चमकलं, भर दिवसा.

"हे काय होतं गं?"

"काही नाही, चल तू," मी म्हणाले. मला कळलं होतं.

हॉलवर पोचलो. मोदक गरम होते. सगळ्यांनी वाहवा केली.

पंधरा दिवसांनी पोलिसांचं पत्र आलं. हायवे पोलिसांच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. गावातल्या स्वयंसेवकांच्या वर्गात मी जपानी शिकत होते, त्यामुळे वरवरचं बोलणं माझ्याकडे आणि जबाबासाठी फोनवर इंग्रजी बोलणारा दुभाषी. समोरचे पोलीस पन्नाशीचे, शांत होते. त्यांनी टेबलावर फोटो ठेवला. स्टिअरिंगवर नवरा, तोंड उघडं, मान थोडी वर, डोळ्यांत आनंद. आरती म्हणतोय. शेजारच्या सीटवर काळा चौकोन. सोबतच्या माणसाचा चेहरा ते झाकून टाकतात. मी त्या चौकोनाकडे बघत बसले. बैलगाडी म्हणणारी तिथे होती, पण कागदोपत्री तिथे कुणीच नव्हतं.

मग त्यांनी परवाना मागितला. नवऱ्यानं बाबांनी दिलेली पुस्तिका पुढे केली. त्यांनी पासपोर्ट मागितला. पानं उलटून शिक्के बघितले, पेनाच्या टोकानं महिने मोजले, परत मोजले. मग चेहरा पडला, त्यांचाच. त्यांनी हळूहळू समजावलं. देशाबाहेर सलग तीन महिने राहून आलात तरच नव्या परवान्याचं नवं वर्ष सुरू होतं. तुम्ही तीन आठवडे राहिलात. म्हणजे तुमचं वर्ष जुलैतच संपलं. त्यानंतर तुम्ही विनापरवाना गाडी चालवत होतात.

विनापरवाना. मला तो शब्द नवऱ्यासाठी मराठीत सांगावा लागला. सांगताना मला बाबांचं ते गप्प होणं आठवलं.

निघताना माझ्यानं राहवलं नाही. मी मोडक्या जपानीत विचारलं, ते बोलणारं यंत्र, कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं, ते तुमच्या देशात चालतं का?

"चालतं की," ते म्हणाले. "ते ऐकून लोक वेग कमी करतात. आम्हालाही तेच हवंय. तुमच्याकडे नव्हतं का?"

मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. नवरा स्टेशनपर्यंत एक अक्षर बोलला नाही. त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं. त्याच्या गप्प बसण्याशी काय करायचं, ते मला येत नव्हतं.

प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं. हजर राहायची तारीख डिसेंबरातली पडली. त्याच सुमारास आमच्या व्हिसाची मुदत संपत होती. ऑफिसनं दिलेल्या वकिलानं बजावलं, तारीख होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत आत येता येईल याची खात्री मी देणार नाही. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली ती राहिलीच. बाबांना आम्ही काहीच कळवलं नाही. सांगणार काय? की तुम्ही उन्हात उभं राहून काढलेल्या कागदावर तुमचा मुलगा इथे गुन्हेगार ठरलाय?

आणि नोव्हेंबरच्या शेवटी सासूबाईंचा फोन आला. बाबांना हॉस्पिटलात ठेवलंय, छातीत दुखतंय, डॉक्टर म्हणतात मुलाला बोलावून घ्या. तारखेला अजून अकरा दिवस होते.

नवरा बॅग काढून बसला. पासपोर्ट हातात. माझ्याकडे बघत होता. आयुष्यात एकदा त्याला माझ्याकडून 'जा' एवढंच ऐकायचं होतं. मी म्हणाले, "अकरा दिवसांचा प्रश्न आहे. तारीख करून जा. नियम म्हणजे नियम." तेच ते शेवटचं. त्यानं बॅग परत ठेवली. तारखेच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

दोन दिवसांनी बाबांशी फोनवर बोलणं झालं. नवरा ऑफिसात होता, मीच घरी. आवाज पार खोल गेलेला.

"पोरी, तो कामात असेल तर राहू दे. उगाच नोकरीला धक्का नको. एक विचारू?"

"विचारा ना बाबा."

"गाडी चालवतो ना तो? मी काढून दिलेला परवाना चालतोय ना तिथे?"

खाली पार्किंगमध्ये गाडी दिसत होती, काचेवर झाडाची पानं पडलेली.

"हो बाबा. छान चालतोय."

"मग झालं," ते म्हणाले. "एवढं तरी झालं माझ्या हातून."

तारखेच्या चार दिवस आधी, दुपारी, बाबा गेले.

नवऱ्यानं ऑफिसातून मला फोन केला आणि फक्त "गेले" म्हणाला. मी त्याला म्हणाले, नीघ, आत्ता नीघ, खड्ड्यात गेली ती तारीख. तो म्हणाला, आता कशाला? पुण्यात थांबवून ठेवणं शक्य नव्हतं, बाबांच्या पुतण्यानं अग्नी दिला. आम्ही ग्योतोकुच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून भटजींचे मंत्र ऐकले. मध्येच रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, "केस काढायला हवेत." न्हाव्याकडे जायला तयार होईना, तिथे तोंड उघडून काय सांगायचं? म्हणून मी काढले, बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्याला बसवून. बायकोनं हे करायचं नसतं, असं कुणीतरी म्हणेलही. पण दुसरं होतं कोण? मशीन फिरवताना त्याच्या कानामागचा तीळ दिसला, बाबांनाही तिथेच होता. मी रडत होते आणि तोच मला म्हणाला, "हळू, कापेल."

दुसऱ्या दिवशी तो घरात दिवा लावून बसला होता तेव्हा मी एक वेडेपणा केला. कपाटावरचा डबा काढला, पार्किंगमध्ये गेले आणि सवतीला परत डॅशबोर्डवर बसवलं. किल्ली फिरवली. तिला काय माहीत? ती आपली त्याच अदबीनं म्हणाली, आजही सुरक्षित गाडी चालवा. मी तिथे सीटवर बसून ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या गाडीतला माणूस उतरायचा थांबला आणि दुसरीकडे बघत राहिला. मी किती शहाणी, किती शहाणी! वेळेवर सावध करणारीला गप्प केलं आणि माझं तोंड मात्र चालू ठेवलं.

तारखेला आम्ही दोघं गेलो. मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं नवरा बाहेर आला. सुटलो, म्हणाला. दंड भरायचा, व्हिसाला बाधा येणार नाही असं दिसतंय. मी देवाचे आभार मानायला लागले, तर तो म्हणाला, "थांब. ऐक आधी."

स्टेशनच्या फलाटावर त्यानं सांगितलं. सरकारी वकील साहेबांनी मान वर केली, त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग दुभाष्याला म्हणाले, यांना किती मनापासून पश्चात्ताप झालाय ते दिसतंच आहे. जपानमध्ये चूक केलेला माणूस कधीकधी डोकं भादरून माफी मागायला येतो, हे आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांना ते तसंच वाटलं. त्यांचा आवाजही मऊ झाला. त्यांनी विचारलं, आपल्याला आपली चूक कळली आहे ना?

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो." गाडी आली, दारं उघडली, आम्ही चढलो नाही. "सांगणार काय होतो मी? वडील गेलेत म्हणून? मग ते म्हणाले असते, मग तुम्ही इथे काय करताय? हो म्हणालो आणि वाकून नमस्कार केला. बाबांचं मुंडण मी तिथे खर्चून आलो गं."

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्याला असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आजूबाजूचे लोक सवयीनं नजर खाली घालून उभे होते. मला म्हणायचं होतं, हे सगळं माझं आहे, वायर मी उपटली, बैलगाडी मी म्हणाले, थांब मी म्हणाले. मी म्हणालेही. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "पाय माझा होता."

दुसऱ्या दिवशीच्या त्या तिकिटावर आम्ही पुण्याला गेलो. घरात माणसं होती, दिवस चालू होते. बाबांच्या पलंगाजवळ त्यांची कापडी पिशवी तशीच अडकवलेली. तेराव्यानंतर सासूबाईंनी ती नवऱ्याच्या हातात दिली. आत चष्मा, हॉस्पिटलचे कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेला एक फॉर्म. आंतरराष्ट्रीय परवान्याचा, पुढच्या वर्षासाठी. बाबांनी आपल्या तिरक्या अक्षरात सगळं भरून ठेवलं होतं. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, ग्योतोकुचा पत्ता. फोटोही डकवलेला. फक्त सहीची जागा मोकळी होती.

"दिवाळीतच आणून ठेवला होता," सासूबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, येईल तेव्हा तेवढी सही घेऊ. त्याला हेलपाटा नको."